कसोटी आणि आश्रय : दामोदर कोसंबी यांच्या राजकीय विचाराचे परीक्षण

आपल्या समाजातील नामवंतांच्या याद्या वेळोवेळी प्रसिद्ध होत असतात आणि त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव बहुधा असतेच. हार्वर्डचे पदवीधर, गणिती, संख्याशास्त्रज्ञ, भर्तृहरीच्या शतकांचे साक्षेपी संपादक, प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला नवे वळण देणारे संशोधक, एवढी ओळख दोन ओळींत उरकली जाते. ते निरीश्वरवादी होते, मार्क्सच्या विचारपद्धतीचा त्यांनी उघड अंगीकार केला होता, आणि ज्या संस्थेने त्यांना वेतन दिले तिच्या धोरणाविरुद्ध ते जाहीर बोलत, या गोष्टींचा उल्लेख संकोचाने टाळला जातो. परिणाम असा झाला आहे की, त्यांच्याविषयी अभिमान पुष्कळांना वाटतो, पण त्यांचे निबंध फार थोड्यांनी वाचले आहेत. न वाचता बाळगलेला अभिमान हा लेखकाचा गौरव नसून त्याची उपेक्षाच होय, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कोसंबींच्या इतिहासग्रंथांची चर्चा इंग्रजीत भरपूर झाली आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या विचाराचे एकच अंग तपासावयाचे आहे. विज्ञानाच्या अभ्यासकाने राज्यसंस्थेशी कोणते नाते ठेवावे, तिचा आश्रय कोणत्या अटींवर घ्यावा, आणि तिच्याविषयी बोलताना आपल्या शास्त्राची कसोटी कितपत वापरावी, या प्रश्नांना त्यांनी काय उत्तर दिले, आणि ते उत्तर त्यांनी स्वतः कुठवर पाळले, हा आपला विषय होय. बडोद्याच्या वाचकांस तो परका वाटू नये. कारण या प्रश्नाची पहिली ठिणगी आपल्याच नगरीत पडली, आणि कोसंबी घराण्याच्या विद्याव्यासंगाशीही या नगरीचा थेट संबंध आहे.

बडोद्यास १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापन केले आणि ते रसायनशास्त्राचे अध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हाती सोपविले. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला या विद्या मुलांनी आपल्या भाषेत शिकाव्यात, आणि त्यासाठी मराठी व गुजराती पाठ्यग्रंथ तयार व्हावेत, हा गज्जरांचा आग्रह होता. त्यातूनच 'सयाजी ज्ञानमंजूषा' ही ग्रंथमाला निघाली. गज्जरांनी राजकीय भाषणे केली म्हणून ते कोणाच्या स्मरणात नाहीत. त्यांचे राजकारण शोधावयाचे असेल तर ते अभ्यासक्रमात शोधावे लागते. परकीय सत्तेच्या काळात रसायनविद्या कारागिराच्या मुलाला त्याच्या बोलीत मिळावी, असे म्हणणे हीच एक राजकीय भूमिका होती. परंतु ही सारी योजना एका राजाच्या इच्छेवर आणि त्याच्या खजिन्यावर उभी होती. गज्जरांच्या मनातील मोठा आराखडा पुरता साकार झाला नाही. १८९६ साली ते बडोदे सोडून मुंबईस गेले आणि ग्रंथमालेचा वेग ओसरला. त्याच वर्षी दामोदर चाफेकरांनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास डांबर फासले. पुढे तो पुतळा रसायनांच्या साहाय्याने स्वच्छ करून दिला तो गज्जरांनीच! आणि १९०७ साली बडोद्यात 'अलेंबिक' हा स्वदेशी रसायनांचा कारखाना उभारणाऱ्यांतही, कोटीभास्कर व अमीन यांच्याबरोबर, गज्जर होते. राणीचा पुतळा उजळणारा आणि स्वदेशी कारखाना काढणारा माणूस एकच, ही विसंगती वाटेल. पण आश्रयाच्या छायेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचे जीवन अशाच तडजोडींनी विणलेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यात नवल उरत नाही.

याच राजाने काही वर्षांनी आणखी एका विद्वानास आश्रय दिला. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी हे बुद्धाच्या शोधात घर सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेले, तेथे पाली शिकले आणि परत येऊन कलकत्त्यास अध्यापन करू लागले. (साखवाळचा लक्ष्मीनृसिंह १५६७ साली नदीपलीकडे वेलिंग येथे गेला, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.) महाराष्ट्रात राहून मराठीत बौद्ध धर्माचे ज्ञान पसरवावे, ही त्यांची तळमळ होती. सयाजीरावांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की, त्यांनी महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहावे आणि वर्षास एक ग्रंथ लिहावा. कलकत्त्यातील बरी नोकरी सोडून धर्मानंदांनी हे ५० रुपये पत्करले. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे त्यांचे छोटे पुस्तक बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून सिद्ध झाले आहे. त्या ग्रंथांत काय लिहावे आणि काय लिहू नये, असे मात्र देणाऱ्याने सांगितले नाही. आश्रयाचा हा प्रकार दुर्मिळ म्हटला पाहिजे.

धर्मानंदांचे पुत्र दामोदर यांचा जन्म १९०७ चा. वडील पाली ग्रंथांच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले असता, १९१८ साली दामोदरही त्यांच्याबरोबर अमेरिकेस गेले, तेथेच शिकले आणि १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. काशी, अलीगढ, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा अध्यापनाचा प्रवास करून, होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक झाले. पुण्याहून मुंबईस आगगाडीने रोज जाणे-येणे करणारा हा प्राध्यापक पुढे त्याच संस्थेच्या मूळ धोरणाचा कडवा टीकाकार ठरला. त्याच्या टीकेमागील विचार समजून घ्यावयाचा तर १९५७ साली पुण्यात प्रसिद्ध झालेला 'एग्झॅस्परेटिंग एसेज' हा निबंधसंग्रह पाहिला पाहिजे. 'चीड आणणारे निबंध' हे नाव लेखकाने समजून-उमजून दिले आहे. वाचकास सुखविण्यासाठी ते लिहिलेले नाहीत.

या संग्रहातील 'विज्ञान आणि स्वातंत्र्य' हा निबंध प्रथम १९५२ साली अमेरिकेतील 'मंथली रिव्ह्यू' मासिकात आला. कोसंबी १९४८-४९ साली अमेरिकेत होते. तेथील शास्त्रज्ञ आपल्या स्वातंत्र्याविषयी चिंतातुर झालेले त्यांनी पाहिले. पण हे स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय, असा प्रश्न त्यांनी केला. मोठे उद्योग, युद्धखाते किंवा त्यांच्या देणग्यांवर चालणारी विद्यापीठे पगार देणार, आणि शास्त्रज्ञ मात्र आपल्या मनास येईल ते करणार, अशी ही अपेक्षा होती. कोसंबींचे म्हणणे असे की, शास्त्रज्ञ आपल्या प्रयोगशाळेत स्वतंत्र असतो हा बव्हंशी भ्रम होय. कोणता प्रश्न हाती घ्यावयाचा, कोणत्या उपकरणासाठी पैसा मिळेल, कोणते उत्तर उपयोगी मानले जाईल, हे समाजातील ज्या वर्गाच्या हाती साधने आहेत तो ठरवितो. विज्ञान म्हणजे सृष्टीतील अनिवार्यतेचे ज्ञान, ही त्यांची व्याख्या. स्वातंत्र्यही अनिवार्यता ओळखण्यातूनच येते हा तत्त्वविचार त्यांनी मार्क्स-एंगल्सच्या परंपरेतून घेतला आणि त्यातून निष्कर्ष काढला की, ज्या सामाजिक परिस्थितीत आपण काम करतो ती ओळखल्याखेरीज शास्त्रज्ञास स्वातंत्र्य लाभणार नाही.

या युक्तिवादाचे बळ असे की, तो शास्त्रज्ञाला कोणत्याही दैवी आसनावर बसवीत नाही. विज्ञान जाणणारा म्हणून राज्यकारभारात त्याचे मत वजनदार, असा दावा कोसंबी करीत नाहीत. त्याच्या ज्ञानाचा उगम समाजाच्या श्रमात आहे, म्हणून त्याचे उत्तरदायित्वही समाजाकडे आहे, एवढेच ते म्हणतात. या भूमिकेचे मोल कळावयास आधुनिक चीनचे उदाहरण फार उपयोगी पडते. कारण तेथील शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न आपल्याआधी आणि अधिक निकराने हाताळला.

चिनी विद्यार्थ्यांनी १९१४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एक विज्ञानसंस्था स्थापिली आणि दुसऱ्या वर्षी 'विज्ञान' नावाचे चिनी मासिक काढले. १९१९ च्या चळवळीच्या सुमारास तर 'विज्ञान' व 'लोकशाही' या दोन शब्दांना माणसाप्रमाणे 'श्रीयुत' लावून बोलण्याचा प्रघात तेथील तरुणांत पडला. डिंग वेनच्यांग हे त्या पिढीतील अग्रगण्य भूगर्भशास्त्रज्ञ. १८८७ साली जन्मलेले, ग्लासगो येथे शिकलेले, चीनच्या भूगर्भ-सर्वेक्षणाचे एक संस्थापक. १९२३ साली त्यांनी 'विज्ञान आणि तत्त्वज्ञान' या प्रसिद्ध वादात विज्ञानाची बाजू लढविली. जीवनदृष्टीचे प्रश्न विज्ञानाच्या कक्षेबाहेरचे आहेत असे चांग च्युनमाय म्हणत होते. कोणताही प्रश्न पुराव्याच्या कसोटीपलीकडचा नाही असे डिंग यांचे प्रतिपादन होते. त्याच सुमारास, जाणत्या व सच्छील अशा थोड्या माणसांनी जबाबदारी उचलली म्हणजे देश सुधारेल, असाही विचार त्यांनी मांडला. १९२६ साली एका लष्करी सरदाराच्या हाताखाली त्यांनी शांघायचा कारभार काही महिने पाहिला. पुढे १९३४ साली, जपानचे संकट दारात उभे असताना, त्यांनी 'नव्या धर्तीच्या हुकूमशाहीचा' पुरस्कार केला. आधुनिक ज्ञानाची जाण असलेला व तज्ज्ञांचा उपयोग करून घेणारा हुकूमशहा चीनला हवा, असे हे म्हणणे होते. त्यांचे जिवलग मित्र हू शी यांनी लोकशाहीच्या बाजूने त्यांचा प्रतिवाद केला. खाणींची पाहणी करीत फिरत असता, कोळशाच्या धुराची बाधा होऊन, जानेवारी १९३६ मध्ये डिंग वारले.

डिंग यांची तळमळ निःसंशय प्रामाणिक होती. तथापि त्यांच्या विचारातील वैगुण्य झाकत नाही. जो शास्त्रज्ञ प्रत्येक विधानास पुरावा मागतो, तोच हुकूमशहाच्या सद्बुद्धीवर पुराव्यावाचून विश्वास टाकतो. जाणता राज्यकर्ता चुकला तर ती चूक कोण दाखविणार, या प्रश्नास त्यांच्या योजनेत जागाच नव्हती. कोसंबींनी शास्त्रज्ञाला राज्यकर्त्याच्या आसनाकडे न नेता समाजाचा ऋणको मानले, हे त्यामानाने पुष्कळ पुढचे पाऊल होय.

कोसंबींची ही भूमिका केवळ कागदावरची नव्हती. तिची पहिली साक्ष त्यांच्या नाणेशास्त्रात मिळते. प्राचीन आहत नाण्यांचे काळ ठरविण्यासाठी त्यांनी प्रथम चालू नाणी गोळा केली आणि काटेकोर तराजूवर त्यांचे वजन केले. नाणे हातोहात फिरत राहिले म्हणजे ते झिजते, त्याचे सरासरी वजन उतरते आणि वजनातील फरकांचा पल्ला वाढतो, हा नियम त्यांनी आधी चालू चलनावर पडताळला, आणि मगच तक्षशिलेच्या ठेव्यांतील नाण्यांस लावला. राजवंशांच्या कथांपेक्षा हजारो अनामिक हातांनी केलेली झीज अधिक विश्वसनीय, ही दृष्टी या कामामागे आहे. तिच्यात त्यांचे गणित आणि त्यांचे राजकारण एकत्र नांदतात.

दुसरी साक्ष अधिक महत्त्वाची आहे, कारण तिची किंमत त्यांना मोजावी लागली. भाभा १९४८ पासून अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष होते आणि अणुशक्ती हा नवभारताचा मानबिंदू मानला जात होता. अशा वेळी, १९६० साली, पुण्याच्या रोटरी क्लबात कोसंबींनी भारतातील अणुऊर्जेवर व्याख्यान दिले. दरिद्री देशाने ऊर्जेची निवड करताना भांडवल किती लागते, वीज गावागावांत पोचते की नाही, आणि आपल्या भूमीवर कोणते साधन विनामूल्य उपलब्ध आहे, याचा हिशेब आधी मांडावा, असा त्यांचा आग्रह होता. तो हिशेब त्यांच्या मते सूर्याच्या बाजूने पडत होता. पुढे १९६४ च्या सुमारास त्यांनी अविकसित प्रदेशांतील सौरऊर्जेवर स्वतंत्र लेखही लिहिला. १९६२ साली संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. त्यामागे एकच कारण होते असे म्हणता येणार नाही. १९५९ साली त्यांनी रीमानच्या सुप्रसिद्ध गणिती अनुमानाची सिद्धता संभाव्यतेच्या मार्गाने दिल्याचा दावा केला होता. तो गणितज्ञांच्या कसोटीस उतरला नाही आणि त्यांच्या लौकिकास धक्का बसला. त्यांच्या चाहत्यांनी हा प्रसंग झाकण्याचे कारण नाही. ज्या शास्त्रात कसोटी कठोर असते तेथे मोठ्या माणसाचा दावाही नाकारला जातो, हेच त्या शास्त्राचे वैभव.

सौरऊर्जेच्या बाबतीत मात्र काळाने कोसंबींना बराच न्याय दिला आहे. भारताची सौर विजेची स्थापित क्षमता जानेवारी २०२५ अखेर १ लक्ष मेगावॅटच्या पुढे गेली. त्या वेळी अणुविजेची क्षमता सुमारे ८ हजार मेगावॅट होती. अणुकेंद्र रात्रंदिवस चालते आणि सूर्य मावळतो, तेव्हा केवळ क्षमतेच्या आकड्यांवरून तुलना करणे बरोबर नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही दिशा स्पष्ट आहे. बडोदे जिल्ह्यातील नर्मदेच्या कालव्यावर पत्रे अंथरून उभारलेल्या १० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाचे उद्घाटन जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी केले. ज्यांना कोसंबींची कल्पना कवीची वाटत होती त्यांनी तो कालवा पाहावा. अर्थात, सौर पत्रे स्वस्त झाले ते अनेक देशांतील प्रयोगशाळा व कारखाने यांच्या दीर्घ खटाटोपाने, आणि आज त्यांचे बहुतांश उत्पादन चीनमध्ये होते. १९६० साली ती किंमत परवडण्याजोगी नव्हती, म्हणून भाभांचा निर्णय निव्वळ अहंकाराचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोसंबींचे श्रेय भविष्य वर्तविण्यात नाही. ज्या प्रश्नाला राष्ट्राभिमानाचे कवच चढविले गेले होते तो प्रश्न त्यांनी हिशेबाच्या पाटीवर आणला, आणि आश्रयदात्यासमोर आणला, यात ते आहे.

तिसरी साक्ष आपल्या घरची आहे. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या १९६२ च्या ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर त्यांचा निबंध आहे. गांवकरी म्हणजे सामाईक जमीन, तिच्या उत्पन्नातून देवस्थान, बांध, पाणी यांचा खर्च, आणि उरलेल्याची वाटणी. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया याने या रूढींचा कायदा लिहून काढला, त्याआधीपासून ती चालत आली होती. आपण या संस्थेकडे प्राचीन वैभव म्हणून पाहतो. कोसंबी तिच्याकडे शेताच्या बांधावरून पाहतात. जमीन कोणाची, कसतो कोण, वाटा कोणास मिळतो, आणि वाट्याबाहेर कोण राहिले, असे त्यांचे प्रश्न आहेत. देव नदीपलीकडे गेले तरी गावची शेती, श्रम आणि वाटणी यांची घडी मागे राहिली, आणि धर्म बदललेले गांवकरही त्याच घडीत राहिले, हे या दृष्टीने पाहिले म्हणजे कळते. देवस्थानाशी निगडित असलेल्या आपल्यासारख्या वाचकांना त्यांची श्रद्धाहीनता खुपेल. पण महाजनांच्या वहीत ज्यांचे नाव नाही अशा माणसांच्या घामाचा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा होता, आणि तो घरच्याच एका माणसाने मांडला, याबद्दल रोष धरण्यापेक्षा तो हिशेब तपासून पाहणे अधिक शोभादायक होय.

येथवर कोसंबींचा पक्ष बळकट आहे. आता त्यांच्या विचारातील उणिवेकडे वळले पाहिजे. आणि ती नेमकी चीनच्या संदर्भातच उघडी पडते. १९५२ नंतरच्या दशकात जागतिक शांतता चळवळीच्या निमित्ताने ते चीनला अनेकदा गेले. वर उल्लेखिलेल्या संग्रहात चीनमधील क्रांतीवर एक निबंध आहे. तो आस्थेने व विश्वासाने लिहिलेला आहे. शेतकऱ्यांच्या देशातील ही क्रांती त्यांना भारतातील सत्तांतराहून मूलतः वेगळी वाटली. १९४६ साली नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'चे परीक्षण करताना त्यांनी भारतीय भांडवलदारवर्ग आता वयात आला आहे असा निष्कर्ष काढला होता. त्या पार्श्वभूमीवर चीनविषयीची त्यांची आशा समजण्यासारखी आहे. आशा बाळगणे हा दोष नव्हे. परंतु जो संख्याशास्त्रज्ञ झिजलेल्या नाण्याचे वजन स्वतः तराजूवर पाहिल्यावाचून मान्य करीत नाही, तो एका राज्याच्या यशाचे माप कोणत्या तराजूवर घेतो? ती आकडेवारी कोणी गोळा केली, खोटा आकडा देणाऱ्यास काय लाभ आणि खरा देणाऱ्यास काय भय, हे प्रश्न त्यांनी अमेरिकन शास्त्रज्ञांच्या बाबतीत किती मार्मिकपणे विचारले होते! चीनविषयीच्या त्यांच्या विवेचनात त्या प्रश्नांची धार तेवढी जाणवत नाही.

आणि हे प्रश्न त्या वेळी दूरचे नव्हते. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी डिसेंबर १९५६ मध्ये कलकत्त्याची भारतीय संख्याशास्त्र संस्था पाहिली आणि १९५७ साली महालनोबिस चीनला गेले. थोड्या पण नीट निवडलेल्या नमुन्यांवरून साऱ्या देशाचे अनुमान काढण्याची पद्धत तेथील संख्याशास्त्रज्ञांना आकर्षक वाटू लागली होती. परंतु १९५८ साली 'मोठ्या झेपे'ची घोषणा झाली. वरिष्ठांस खूष करण्यासाठी गावोगावच्या अधिकाऱ्यांनी धान्याच्या उत्पन्नाचे फुगविलेले आकडे पाठविले, त्या आकड्यांच्या आधारे सरकारने धान्य उचलले, आणि १९६१ पर्यंतच्या दुष्काळात दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत माणसे दगावली, असे निरनिराळ्या अभ्यासकांचे अंदाज आहेत. आकडा खोटा असला म्हणजे माणसे मरतात, याचे याहून भयंकर उदाहरण विसाव्या शतकात क्वचितच सापडेल.

कोसंबींचा निबंध या घटनेच्या आधीचा आहे. पुढचे त्यांना दिसावयास हवे होते, असा आरोप आम्ही करीत नाही. आक्षेप वेगळा आहे. शास्त्रीय विधानाचे लक्षण असे की, कोणता पुरावा पुढे आला तर ते विधान मागे घ्यावे लागेल, हे त्यातच सूचित असते. चीनविषयीच्या त्यांच्या विधानांत ही सोय नाही. 'विज्ञान आणि स्वातंत्र्य' या निबंधाचाही मुख्य रोख अमेरिकेकडे आहे. सोव्हिएट भूमीत थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९४३ साली तुरुंगात मेला होता आणि १९४८ साली तेथे आनुवंशशास्त्रावर बंदी आली होती. कोसंबींचे स्वतःचे एक सूत्र आनुवंशशास्त्रात १९४४ पासून त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्या विद्येत त्यांची स्वतःची भर पडली तिचाच गळा जेथे घोटला गेला, तेथील आश्रयाची चिकित्सा त्यांच्याकडून अधिक कठोरपणे व्हावयास हवी होती. पैसा देणारा शास्त्रज्ञाचे प्रश्न ठरवितो हा त्यांचा सिद्धांत खरा मानला, तर पैसा देणारे राज्य 'जनतेचे' असल्याने तो सिद्धांत लुळा पडत नाही. उलट, जेथे देणारा एकच आणि दुसरा दरवाजा नाही, तेथे तो अधिक लागू पडतो.

डिंग यांनी जाणत्या हुकूमशहावर विश्वास टाकला. कोसंबींनी जनतेच्या नावाने बोलणाऱ्या राज्यावर टाकला. दोघांचे मार्ग भिन्न, हेतू भिन्न, आणि कोसंबींचा विचार पुष्कळ अधिक सखोल. पण चूक दाखविणाऱ्या माणसाला राज्यात सुरक्षित जागा असली पाहिजे, ही गोष्ट दोघांनीही गौण मानली. आश्चर्य असे की, कोसंबींनी स्वतः उपभोगले ते अशाच जागेत! ज्या भारतीय राज्याला त्यांनी भांडवलदारांचे राज्य म्हटले, त्याच राज्यात अणुशक्ती आयोगाच्या अध्यक्षाविरुद्ध बोलून, नोकरी जाऊनही, ते पुण्यास आपल्या घरी ग्रंथ लिहीत राहिले. 'कल्चर अँड सिव्हिलायझेशन' हा त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि २९ जून १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले. नोकरी जाणे हा अन्याय असेल. पण वाविलोवच्या कोठडीशी त्याची तुलना होऊ शकत नाही. हा भेद त्यांच्या सिद्धांतात बसत नव्हता, म्हणून तो त्यांनी पुरेसा मोजला नाही, असा आमचा अभिप्राय आहे.

तेव्हा या विचाराचे मोल काय ठरवावे? कोसंबींनी शास्त्रज्ञास दोन गोष्टी शिकविल्या. आपला आश्रयदाता कोण आहे हे ओळखावे, आणि हिशेब मांडताना त्याची भीड धरू नये. या दोन्ही शिकवणी आजही अबाधित आहेत. तिसरी गोष्ट त्यांच्या लेखनात अपुरी राहिली; ती आपण जोडून घेतली पाहिजे. आपल्याला प्रिय असलेल्या पक्षाला, राज्याला, संस्थेला आणि देवस्थानालाही तोच तराजू लावावा, जो परक्यास लावतो. असे केल्याने कोसंबींचा अवमान होत नाही. त्यांच्याच पद्धतीने त्यांना वाचणे ते हेच.

सयाजीरावांनी धर्मानंदांना ५० रुपये दिले तेव्हा अट एवढीच घातली होती: महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहा आणि वर्षास एक ग्रंथ लिहा. धर्मानंदांनी आपले आत्मवृत्त 'निवेदन' मराठीत लिहिले, बुद्धचरित्र मराठीत लिहिले. पुत्राचे बहुतेक लेखन इंग्रजीत राहिले. कलाभवनातील मुलाला रसायनविद्या त्याच्या भाषेत मिळावी असे गज्जरांना वाटत होते. त्याच न्यायाने 'विज्ञान आणि स्वातंत्र्य' व गोव्याच्या ग्रामसंस्थेवरील निबंध हे मराठीत आणि कोंकणीत, चांगल्या टीपांसह, घरोघरी वाचले जावेत. आपल्या देवस्थानांच्या वाचनालयांत नामवंतांच्या तसबिरी पुष्कळ आहेत. त्यांच्या खालच्या कपाटात हे निबंध ठेवावेत, आणि ते वाचून ज्यांना राग येईल त्यांनी उत्तर लिहावे. ते उत्तर छापावयास या पृष्ठांत जागा निश्चित मिळेल.